मनगटावरचा काटा

आपल्या नवऱ्याचं वजन आपल्यापेक्षा जास्त आहे, हे सुनेत्रा बिरनाळेला भर दरबारात, सत्तर माणसांच्या देखत कळलं.

अंगाचं वजन नव्हे. अंगानं शीतल बिरनाळे म्हणजे काडीपैलवान, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा. हे वजन वेगळं. एखाद्याचा शब्द खाली पडत नाही, तो बोलायला लागला की बाकीचे गप्प होतात, तेव्हा आपण म्हणतो ना, ‘त्याचं वजन आहे’, ते वजन. २०४१ च्या दिवाळीनंतर ते मोजायचं यंत्र आलं आणि सुनेत्राच्या सुखाला दृष्ट लागली.

त्याआधी सगळं छान चाललं होतं. इचलकरंजीबाहेरच्या एका बंद सूतगिरणीत दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ‘सोंगाचा दरबार’ भरायचा. पोरंसोरं त्याला लार्प म्हणत, मोठी माणसं नुसतं दरबार म्हणत. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ते जगायचं. दहा वाजता घंटा झाली की गिरणी गिरणी उरत नसे, ते तारापट्टण नावाचं बंदर होई. बँकेतला कारकून दर्यावरचा लुटारू व्हायचा, औषधाचा दुकानदार विषवैद्य व्हायचा, आणि हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या, गॅदरिंगची नाटकं बसवणाऱ्या सुनेत्राबाई राणीसरकार व्हायच्या.

बारा वर्षांपूर्वी खेळ सुनेत्रानंच सुरू केला होता. नियमांची वहीही तिचीच. मारामारीला इथे किंमत नव्हती, सगळी सत्ता लौकिकाची. वहीच्या पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं : ‘राजानं राजा असल्याचं सोंग करायचं नसतं. ते इतरांनी करायचं असतं.’ म्हणून सकाळी प्रत्येकाला पाच कवड्या मिळत. दिवसभरात ज्यानं आपल्यावर छाप पाडली त्याला त्या द्यायच्या. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हंगाम चाले, आणि शेवटी ज्याच्याकडे कवड्या जास्त त्याची पुढच्या वर्षीची गादी. गादीवर बसणाऱ्यानं, आपल्याला सर्वांत जास्त कवड्या कुणी दिल्या त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि त्याला मानाचा विडा द्यायचा.

सलग सहा वर्षं गादी सुनेत्राची होती. आणि सहाही वर्षं वाचायचं नाव एकच निघालं : शीतल बिरनाळे. ती ते भरकन वाचून टाकायची. “घरचीच कवडी!” म्हणून हसायची, लोकही हसायचे आणि विडा शीतलच्या हातात कोंबून ती भाषणाकडे वळायची.

शीतल यंत्रमागावर जॉबर होता, म्हणजे मागांचा वैद्य. चाळीस माग एकदम खडखडत असले तरी कुठल्याचा धागा नेणारा धोटा चुकतोय हे तो दारात उभा राहून सांगायचा. बोलणं बेतानंच. पहिल्याच वर्षी त्यानं पाणक्याचं सोंग मागून घेतलं होतं. “मला भाषणबिषण जमायचं नाही. मी आपला पाणी वाटतो.” तेव्हापासून कमरेला लाल फडकं, खांद्यावर तांब्याची कळशी आणि हातात फुलपात्र, एवढंच त्याचं सोंग.

कवड्यांत पुढे घोळ व्हायला लागला. गट पडले. वडे खाऊ घालून कवड्या गोळा करण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा ज्ञानदा कुंभोजे पुढे आली. ती सुनेत्राची जुनी विद्यार्थिनी. घोळक्यात माणसं एखाद्याचंच का ऐकतात, यावर ती विद्यापीठात संशोधन करत होती.

“बाई, माणूस कवडी देताना खोटं बोलतो,” ती म्हणाली. “अंग खोटं बोलत नाही.”

तिनं आणलेलं यंत्र म्हणजे मनगटावरचा एक पट्टा आणि कानामागे चिकटवायची हरभऱ्याएवढी टिकली. टिकलीला तोंड कुणाकडे वळलंय ते कळे. पट्टा नाडी मोजे, आणि कातडीवरचा इतका बारीक घाम मोजे की तो ज्याचा त्यालाही कळू नये. समजा, तुम्ही कुणाकडे बघितलंत आणि दोन-तीन सेकंदांत तुमची नाडी उडाली, हाताची लव उभी राहिली. तुमच्या पट्ट्यानं ते टिपलं, की त्या माणसाच्या पट्ट्यात एक गुंज वजन जमा होई आणि त्याचा पट्टा क्षणभर थरथरे. सोनाराच्या जुन्या हिशेबानं शहाण्णव गुंजांचा एक तोळा. कुणाकडून आलं ते हंगाम संपेपर्यंत गुप्त. आपण कुणाला किती दिलं, तेवढं मात्र ज्ञानदाच्या टेबलावर जाऊन ज्याचं त्याला बघता येई.

“म्हणजे अंगावर काटा आला की काटा हलणार!” सेनापतीचं सोंग घेणारे चौगुले अण्णा म्हणाले. लोक हसले आणि यंत्राचं नाव पडलं काटा.

सुनेत्रानं नवा नियम आनंदानं वहीत उतरवून घेतला : दोघांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध पडलं, तर ज्याचा काटा जड त्याचा शब्द खरा. आता खोट्या कवड्यांचं नाव नको, आपलं राणीपण यंत्राच्या शिक्क्यानिशी सिद्ध होईल, असं तिला वाटलं. बिचारीनं आपल्या हातानं लिहिलं ते.

दुसऱ्याच शनिवारी बंदरावर एक हेर पकडला गेला. सुनेत्रा लाकडी सिंहासनावरून उठली, पदर सावरला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आजच्या आज याला तारापट्टणाच्या हद्दीबाहेर घाला!”

सेनापतीनं तलवार उचलली. तेवढ्यात कळशी घेऊन शीतल पुढे आला.

“राहू द्या की राणीसरकार. लांबनं आलाय. आधी पाणी पिऊ दे त्याला, मग जाऊ दे कुठं जायचं ते.”

सभा हसली. सुनेत्रानंही राणीला शोभेलसं हसून घेतलं. “पाणक्या, तुझं काम कर.”

“एक मिनिट, वहिनी… म्हणजे राणीसरकार,” चौगुले अण्णांनी खिशातून चष्मा काढला. “दोघांचं म्हणणं विरुद्ध पडलंय. काटे बघायला लागतील.”

काटे बघितले. राणीसरकार तीन तोळे दहा गुंजा. पाणक्या पाच तोळे साठ.

अण्णांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचून बघितले. मग हेर फतकल मारून बसला, पाणी प्यायला, आणि नियमानुसार मोकळा झाला. शीतल कसनुसा होऊन म्हणाला, “मला काय ठाऊक असं हुईल?” नवऱ्याच्या कमरेचं ते लाल फडकं सुनेत्राला एकदम राजवस्त्रासारखं दिसलं आणि ते ओरबाडून काढावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उप्पिटाची ताटली तिनं त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवली.

“घरात तर दोन शब्द बोलत नाही तुम्ही. तिथं बरं तोंड उघडतं.”

“घरात तू बोलतीस की,” शीतल म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

मग तिनं मनाशी उत्तर शोधलं. पाणी! दुपारच्या उन्हात पत्र्याखाली सत्तर माणसं तहानलेली असतात. कळशी दिसली की नाडी उडणारच. हे वजन शीतलचं नाही, पाण्याचं आहे. पुढच्या शनिवारी तिनं गिरणीत चार ठिकाणी माठ ठेवले आणि फर्मान काढलं की पाणक्यानं आजपासून मागच्या दाराची राखण करावी. मागचं दार म्हणजे जुन्या कापूस-गोदामाकडचं, जिथे कुत्रंही फिरकत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी काटे बघितले तेव्हा शीतल नऊ तोळ्यांवर गेला होता.

चौथ्या शनिवारी ती चौगुले अण्णांवर दरबार सोपवून हळूच मागे गेली आणि गोदामाच्या खांबाआड उभी राहिली. राणीसरकार चोरून ऐकताहेत हे कुणी बघितलं असतं तर शोभा झाली असती. पण हेव्याला शोभेचं भान कुठलं?

मागच्या दाराशी सात-आठजण जमले होते. दर्यावरचा लुटारू, म्हणजे तो बँकेतला कारकून, दबक्या आवाजात काहीतरी पुटपुटत तिथे येऊन उभा राहिला. बिचारा इतका भिडस्त, की सहा वर्षांत त्यानं कुणालाही लुटलं नव्हतं.

शीतल त्याला बघून उठून उभा राहिला, दोन पावलं मागे सरला. “नाखवा, तुम्ही? एकटंच आलायसा? मघा बंदरावर तुमचं नाव निघालं आणि दोन गलबतं परत फिरली म्हणत्यात.”

कारकुनाची पाठ ताठ झाली. आवाज खाली उतरला. “कुणाची होती गलबतं?” त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजाला खरोखरच लुटारूची धार होती. बाकीचे आपसूक बाजूला सरले. थोड्या वेळानं विषवैद्य आला, तर शीतलनं आपलं फुलपात्र त्याच्यापासून लपवल्यासारखं केलं, आणि एवढ्यावर तो गरीब दुकानदार भयंकर दिसायला लागला.

माग नुसता ऐकून दुरुस्त करावा तसं हे चाललं होतं. कुणाचा कुठला धोटा अडकलाय हे शीतल ओळखायचा आणि एक बोट लावायचा. माणूस सुरू. तो प्रत्येकाला त्याचं सोंग देत होता, आणि दिवसभर प्रत्येकाचे डोळे पुन्हा पुन्हा त्याला शोधत होते.

सुनेत्राला मग आठवलं, की सिंहासनापुढे पाणी घेऊन येताना हा माणूस किती खाली वाकायचा. फुलपात्र दोन्ही हातांनी धरायचा, नजर वर करायचा नाही. ते बघून दरबार वाकायचा. सहा वर्षं ज्याला ती आपला रुबाब समजत होती, त्यातला किती आपला आणि किती या कळशीवाल्याचा?

हे कळल्यावर तिचं मन निवायला हवं होतं. निवलं नाही, उलट जास्तच पेटलं. कौतुक करावं असं काही नवऱ्यात आहे आणि ते आपल्याला सोडून सगळ्या गावाला माहीत आहे, याचा जाळ तिच्या छातीत उठला. खांबाआडून ती त्याच्याकडे बघत राहिली. तिकडे शीतलनं आपल्या मनगटाकडे बघितलं, मग मान वर करून इकडेतिकडे बघितलं. ती झटकन मागे सरली.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. वर्गात कविता शिकवताना डोळ्यांसमोर मागचं दार. दरबारात न्याय देताना डोळे त्या लाल फडक्यावर. तो हसला की ती बघे, कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला की ती बघे. भर म्हणून घरी लोक त्याला विचारायला फोन करू लागले, “पाणक्या आहे का?” तिला वाटे, सांगावं, मेला म्हणून. मग स्वतःच्याच विचारानं घाबरून ती त्याला हाक मारून फोन देई. सणासुदीला आलेल्या नणंदेसमोर ती नवऱ्याला “या, सरकार” म्हणाली, आणि नणंद हसली तरी शीतल हसला नाही.

माघ संपत आला तेव्हा शीतल बावीस तोळ्यांवर होता आणि ती चौदावर. ती ज्ञानदाच्या टेबलाशी गेली.

“तुझं यंत्र बिघडलंय.”

“काय झालं, बाई?”

“हा माणूस करतो काय? दारात बसतो. आणि याला बावीस तोळे?”

ज्ञानदानं पडदा तिच्याकडे वळवला. “बाई, दुसऱ्यांचं दाखवता येत नाही. तुम्ही कुणाला काय दिलंय ते तुम्हाला दाखवू?”

पडद्यावर शनिवारांची रांग होती. पहिल्या शनिवारी सेनापतीला अकरा गुंजा, विषवैद्याला चार, शीतल बिरनाळे : शून्य. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या नवऱ्याकडे सात तासांत अनेकदा बघून झालं होतं, आणि अंगाला त्याची खबरही नव्हती. दुसऱ्या शनिवारी, हेराच्या दिवशी, एकोणपन्नास. तिथून पुढे आकडा फुगतच गेला होता. तिनं आतापर्यंत जे दिलं होतं ते जवळजवळ सगळंच त्याला.

“म्हणजे हे वरचे आठ तोळे…”

“तुमचेच आहेत, बाई. तुम्ही दिले नसते तर दोघं बरोबरीत असता.”

“पण मी काही कौतुकानं नव्हते बघत!” ती बोलून गेली.

ज्ञानदानं तिच्याकडे बघितलं, आणि बाईंची विद्यार्थिनी असल्यामुळे लगेच नजर पडद्यावर नेली. “काट्याला अंगावर काटा आलेला कळतो. तो कशानं आला ते नाही कळत. कौतुक, भीती, राग, नाडीच्या लेखी सगळं सारखंच.”

“आणि…” सुनेत्रानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “मत्सर?”

“त्यानं तर काटा सगळ्यात जास्त हलतो. प्रेमाची अंगाला सवय होते, बाई. रोजच्या माणसाकडे बघून नाडी उडत नाही, उलट निवांत होते. चांगलं जमणारी नवरा-बायको समोरासमोर बसवली तर कधीकधी एक गुंजही इकडची तिकडे होत नाही. मत्सराची सवय होत नाही. तो दरवेळी नवा असतो.”

सुनेत्रा उठली. इतके दिवस आपणच आपल्या हातानं त्याला तोलून वर चढवत होतो! आता बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं. पुढचे सगळे शनिवार ती सिंहासनावर तोंड फिरवून बसली. पण न बघायचं ठरवलेल्या माणसाकडे मान जशी वळते तशी ती वळायचीच. आणि वळली की काटा हलायचाच.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी हंगाम संपला. चार वाजता सगळे सिंहासनासमोर जमले. गिरणीच्या तुटक्या काचांतून ऊन तिरपं आत आलं होतं. चौगुले अण्णांनी काटे वाचले. शीतल एकतीस तोळे, सुनेत्रा एकोणीस. टाळ्या इतक्या वाजल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

शीतल कळशी खाली ठेवून पुढे आला. लोकांनी त्याला ढकलत ढकलत सिंहासनावर बसवलं. तो टोकावर टेकला, एसटीत दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखा. ज्ञानदानं त्याच्या हातात घडी घातलेला कागद दिला आणि खाली बघत बाजूला झाली.

“वाचा की, सरकार!” लुटारू ओरडला.

शीतलनं कागद उघडला. बघितला. पुन्हा बघितला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

“मोठ्यानं!”

“सुनेत्रा,” तो म्हणाला. मग नीट, पूर्ण नाव वाचलं. “सुनेत्रा शीतल बिरनाळे. दहा तोळे.”

गिरणी दणाणली. “घरचीच कवडी!” कुणीतरी ओरडलं, आणि या वेळी सुनेत्राला ते थपडेसारखं लागलं. बायका तिला पुढे ढकलत होत्या, कुणी म्हणत होतं, अठरा वर्षं झाली तरी बघा, कुणी डोळे पुसत होतं. ज्ञानदा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती बाईंकडे बघत होती.

शीतलनं विड्याचं तबक उचललं आणि खाली उतरून तिच्यासमोर आला. भाषणबिषण न जमणारा माणूस तो. तिच्या एकटीलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलला.

“सहा वर्षं तू माझं नाव वाचलंस. मला वाटायचं, एकदा तरी उलटं व्हावं. पण माझ्याकडं बघायचंच सोडलंयस असं वाटायचं. ह्या वर्षी मनगट थरथरलं की मी मान वर करायचो. दरवेळी तूच बघत असायचीस. गोदामाच्या खांबामागंसुद्धा तूच होतीस नव्हं?”

तिनं होकाराची मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. अहो, ते तसलं बघणं नव्हतं. जळत होते मी. तुम्ही मेला असता तर बरं असंही एकदा मनात आलं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण समोर अठरा वर्षांत पहिल्यांदा उजळलेला चेहरा होता, आणि तो फुंकर मारून विझवायचं धाडस तिला झालं नाही.

शीतल सभेकडे वळला. “गादी राणीसरकारांचीच. वहीत आहे तसं, जिंकणारा दुसऱ्याला देऊ शकतो. मी आपला पाणी वाटतो.” आणि तो कळशीकडे वाकला.

सगळे तिच्याकडे बघू लागले. सिंहासन चार पावलांवर रिकामं होतं. तेच तर हवं होतं तिला. दिवाळीपासून एक घास गोड लागला नव्हता तो त्या जागेसाठीच. तिनं एक पाऊल टाकलंदेखील.

आणि तिला पुढचं सगळं दिसलं. ती वर बसेल. छातीतला काटा निघेल, मन निवांत होईल. पाणक्या खाली वाकून फुलपात्र पुढे करील आणि ती त्याच्याकडे बघेल, शांतपणे, सवयीनं. त्याचं मनगट थरथरणार नाही. तो मान वर करील, मनगटाकडे बघेल, पुन्हा मान वर करील. पहिल्या शनिवारचं ते शून्य. एकदा दहा तोळे मिळाल्यावर त्या शून्याचं त्याला काय होईल?

तिनं वाकून कळशी त्याच्या हातातून काढून घेतली.

“गादी तुमची,” ती म्हणाली. खणखणीत, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. “तारापट्टणात पाण्याचं काम आता माझ्याकडं. बसा तुम्ही.”

लोकांना ते मोठेपण वाटलं. टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. चौगुले अण्णांनी तर “धन्य ती माउली!” म्हणून चष्मा पुसला. मोठेपण कसलं? सिंहासनावर टेकलेल्या त्या काडीपैलवानाला बघून तिच्या पोटात आग पडली होती. ती जागा माझी होती. तो जयजयकार माझा होता. कळशीचा काठ तिच्या खांद्याला रुतत होता आणि ती दात आवळून एकेक पायरी चढत होती.

तिनं फुलपात्र भरलं आणि त्यानं केलं असतं तसं दोन्ही हातांनी पुढे केलं. फक्त नजर खाली घातली नाही. सरळ त्याच्याकडे बघितलं. दरबारात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि त्या शांततेत त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याची बारीक थरथर दोघांनाही ऐकू आली. ती जळण्याची होती की आणखी कशाची, हे यंत्राला कळणार नव्हतं, आणि आता तिलाही नीटसं सांगता आलं नसतं.

शीतल पाणी प्यायला. तिनं पुन्हा भरलं. तो पुन्हा प्यायला, आणि लहान मुलासारखा हसला.

“बास की गं आता.”

“घ्या हो,” सुनेत्रा म्हणाली. “पुष्कळ आहे अजून.”